बंदूक चुकून सुटली नव्हती

आमच्या धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षी मी एका साक्षीसाठी कोर्टात बसलो होतो. शेजारी बँकेचे निवृत्त पहारेकरी, त्यांची बायको आणि वकीलबाई होत्या. नात झाल्याच्या आनंदात पहारेकऱ्यांनी गच्चीवरून बार काढला होता आणि गोळी शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीत घुसली होती.

"काका, साफ करताना बंदूक चुकून सुटली, एवढंच म्हणा."

"सारी नोकरी बंदूक खांद्यावर होती. माझ्या हातून ती चुकून सुटत नसते."

"मुद्दाम झाडली म्हणालात, तर दोन वर्षं कैद होऊ शकते."

"होऊ दे. नेम आभाळावर धरला होता."

"अहो, एवढं मोठं आभाळ, तेही चुकलं तुमचं!"

"तू गप्प बस."

"बसते. दोन वर्षांनी नात विचारेल, हे आजोबा कोण?"

पहारेकऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता बोला की!"

"वकीलबाई, खरं तेच सांगतो. मुद्दाम झाडली, पण अक्कल गहाण ठेवून झाडली. बंदूक जमा करतो, टाकी नवी बसवून देतो."

"हे मात्र लग्नानंतर पहिल्यांदा खरं बोललात!"

कोर्टाने परवाना रद्द करून त्यांना दंडावर सोडलं. पुढे आमची ओळख टिकली. नात पाचवीत असताना पहारेकरी झोपेतच वारले.