फिल्टर पंपानंतरच!

नाही, पण मी म्हणतो, बोटभर लांबीचा पेट्रोल फिल्टर, तो माझ्या गाडीत कुठं बसवायचा हे ठरवायला अख्खं सासर कशाला लागतं? तुम्हाला सांगतो, गाडी जुनी आहे, कबूल! कार्बोरेटरवाली आहे, टाकी आतून गंजलीय, गंजाचे कण नळीतून येतात, कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतात, की गाडी ठप्प! पण वडिलांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं ते ह्याच गाडीत हो... जीव आहे माझा तिच्यावर. आणि बायको काय म्हणते? "रविवारी आईकडे जायचंय. वाटेतला तो चढ न थांबता चढली तर राहू दे. थांबली, तर सोमवारी भंगारवाला!" बघा! एवढ्याशा फिल्टरवर गाडीचा जीव टांगलेला!

म्हणून गेलो मेकॅनिककडे. तोंडात स्क्रू धरून बोलतो तो. "शायेब, फिकीर शोडा..." आणि बसवला कुठं? इंजिनाच्या तापलेल्या पाइपाला टेकवून! अरे, पेट्रोल आहे ते, चहाचं आधण आहे का? दोन किलोमीटरवर उकळलं, नळीत वाफ झाली, गाडी भर चौकात उभी! मागून हे हॉर्न... तिथंच ठरवलं, आता आपण स्वतः बसवायचा. पंपानंतर, कार्बोरेटरच्या आधी, आणि गरम लोखंडापासून वीतभर लांब! का? टाकीतला गंज तिथं अडतो, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या त्या पंपातून सुटलेला कचराही तिथंच अडतो, आणि बॉनेट उघडलं की फिल्टर डोळ्यांसमोर, किती मळलाय ते दिसतं. इतकं सरळ आहे!

पण सरळ गोष्ट सरळ राहिली तर मेव्हणा कशाला हवा? त्याचं कुलपांचं दुकान. गाडीशी संबंध एवढाच की मागच्या सीटवर झोपतो. "दाजी, टाकीपाशी लावा, टाकीपाशी! चोर दारातच धरावा!" अरे, मग पंपातला कचरा काय तुझ्या कुलपात कोंडू? आणि गाडीखाली लोळून फिल्टर कोण बघणार, तू? सासरे फोनवर म्हणतात, "आमच्या वेळी फिल्टरबिल्टर नव्हतं. फुंकर मारायचो." शेजारीणबाई गॅलरीतून, "दोन्हीकडे लावा की, कुणाचं मन मोडायला नको!" अहो, फिल्टर लावतोय का पाहुण्यांच्या पंगती बसवतोय? मी एकच धरून बसलो, पंपानंतर, कार्बोरेटरच्या आधी, आणि गरम लोखंडापासून वीतभर लांब! मग जग इकडचं तिकडे होऊ दे!

रविवारी सकाळी इंजिन थंडगार. मेव्हण्याला सिगारेटसकट फाटकाबाहेर काढलं. नळी कापली, फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे केला, दोन्ही बाजूंच्या क्लिपा आवळल्या, इंजिन चालू करून जोडावरनं बोट फिरवलं... थेंब नाही!

निघालो. चढ आला. मागून मेव्हणा, "थांबणार... आता थांबणार बघा..." बायको दाराची कडी धरून बसलेली. आणि मी पुटपुटतोय, पंपानंतर, कार्बोरेटरच्या आधी... आणि चढली हो! एक आचका नाही, एक ठसका नाही! सासूबाईंच्या दारात असा हॉर्न दिला की सासरे चष्मा न लावताच बाहेर! मेव्हण्याला म्हटलं, "उतर, वर पोचलो आपण!" खरं सांगतो, डोळे भरून आले होते माझे.

येताना बायको म्हणाली, "द्या, मी चालवते." चालवली. खूश! सोमवारी भंगारवाला आला नाही. पण सकाळी बघतो तर खुंटीवर किल्लीही नाही! "अहो, आता ती इतकी भरवशाची झालीय, ऑफिसला मीच नेणार." भरवशाची कुणी केली? मीच!

तेव्हा फिल्टर अगदी बरोबर जागी आहे, त्यात मी देवाचंही ऐकणार नाही... जरा पुढे सरका हो. ही बस रोज अशीच भरून येते का?