भागिरथीचा फोटो आणि प्राचार्यांची नोट

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. घाम एकाचा आणि मिरवायचं दुसऱ्यानं, हे देवाला चालतं का? माना डोलवू नका! आधी ऐका.

आंबेखिंड नावाचं गाव. तिथं भागिरथी ढवण नावाची मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि कुस्तीत अशी, की समोरची सलामी देते न देते तोच पाठीवर! वडील रोज पहाटे तिच्यासाठी बदाम वाटायचे. चैत्रात ते गेले. विद्यापीठाची गदा आणते, असं तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं. पाटा-वरवंटा जागेवरच राहिला. बदाम आणणार कोण? पैलवानाला खुराक लागतो, मंडळी! नुसत्या कौतुकानं दंड भरत नाहीत!

अशात दारात आले हुक्केरीशेठ, पशुखाद्याचे व्यापारी. "भागे, माझ्या पोत्यावर तुझा फोटो छापतो. वर्षाचा खुराक माझ्याकडून!"

आईनं विचारलं, "पोत्यावर आणखी कोण?"

"म्हैस की! एका अंगाला म्हैस, एका अंगाला भागिरथी."

"अगं बाई! मग हिला स्थळं कुठनं येणार?"

"वहिनी, मुऱ्हा म्हैस आहे. साधीसुधी नाही!"

भागिरथी म्हणाली, "बदाम मिळतील ना? मग म्हैस चालेल."

पण बातमी पोचली प्राचार्य वरुटे सरांकडं. झालं, बोलावणं!

"ढवण, खेळ ही तपश्चर्या. तपश्चर्या विकतात? संस्थेचा नियम आहे — खेळावर एक पैसा घेतला, की संघातून नाव कमी! विद्यापीठाची स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय. बघ बाई!"

"पण सर, कॉलेजच्या गेटवर माझा फोटो आहे. 'प्रवेश सुरू' म्हणून."

"ती जाहिरात नव्हे. तो अभिमान!"

वा रे अभिमान! त्या फलकावर भागिरथी वीतभर आणि सर हातभर! कुस्ती कुणी मारली, तेच कळेना!

बापाला दिलेला शब्द मोठा. ती शेठना नाही म्हणून आली.

आठवड्यानं गावची जत्रा, कुस्त्यांचं मैदान. मानाचे पाहुणे कोण? वरुटे सर! हुक्केरीशेठही पुढच्याच रांगेत. भागिरथीनं धोबीपछाड मारली — आणि अख्खं मैदान उठलं! सर इतके हरखले, की माईक ओढून ओरडले, "ही माझ्या कॉलेजची पोरगी! माझ्याकडून पाचशेचं इनाम!"

आता मैदानाची रीत ऐका. जिंकलेल्यानं फेटा पसरून फेरी मारायची. पहिली नोट मानाच्या पाहुण्याची. ती पडल्याशिवाय दुसरा कुणी खिशात हात घालत नाही. भागिरथी आली. सरांनी नोट पुढं केली. आणि तिनं — फेटा मिटला!

"सर, ही घेतली तर माझं नाव कमी होईल ना?"

माईक चालूच! सर चाचरले. "अगं, ही... ही रीत आहे."

"मग इथं तपश्चर्या नाही का?"

सांगा, काय करावं माणसानं? नोट परत खिशात घालावी, तर भर मैदानात नाक कापलं. द्यावी, तर स्वतःचाच नियम मोडला. हात तसाच हवेत! मागून एक म्हातारा वस्ताद ओरडला, "सर, हात भरून आला असंल! ठेवा की खाली!"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. दोन्ही कोपरं सोललेली, भुवईवर माती. गेटवरच्या फोटोत हे काही नव्हतं. ते हळूच म्हणाले — पण माईकवर हळू कसलं! — "ढवण, फेटा पसर. नाव संघातच राहील. नियम उद्या मी बदलून घेतो. आणि हुक्केरीशेठ, ती म्हैस जरा लहान छापा!"

हसलात? आता तुमची पाळी! पाहुणे पुरणपोळीची तारीफ करतात, तेव्हा मिशीवर ताव देऊन "आमच्या घराण्याची चव" असं कोण सांगतं? लाटणारी तर आत असते! पोरानं नाव काढलं, की "माझे संस्कार!" आणि त्याची आई? माणूस गेल्यावर त्याच्या नावानं पंगती सगळेच घालतात, मंडळी. त्याला ऐकू येत होतं तेव्हा कितीदा म्हणालात — हे तुझं आहे, घे?

आता टाळ्या वाजवा, मोठ्यानं नाम घ्या. पण घरी गेलात की आधी चुलीपाशी जा. देव्हाऱ्यात नंतर.