अन लावला की उलटं

हात ढिला सोडा, मीनाक्षीबाई — वर्गात छडी धरल्यागत धरलाय की. बांगडीची काच हाय ही, दाबली म्हणून ऐकायची न्हाय. हां, असं. आता हात माझ्या हातात गावलाय तवर ऐकून घ्या — आमच्या सलिमाचा म्याट्रिकचा फारम तुमी अडवलाय म्हणं. मी रागवत न्हाय. नात इंग्रजीत नापास, आजी कुठल्या तोंडानं रागवंल? पर पोरगी धा दिस झालं शब्द घोकतीया, आन ही हुसेनबी अनपड असंल, बहिरी न्हाय. हसू नका, हात हलतोय. हॅपी म्हंजे खुश, त्येच्या म्होरं अन लावला की अनहॅपी, नाखुश. लॉक म्हंजे कुलूप घालणं, अनलॉक म्हंजे काढणं. आमच्या ‘बे’सारखंच की — इमान, बेइमान, अब्रू, बेअब्रू. एवढासा शब्द म्होरं येऊन बसतोय आन मागच्याचं सगळं उलटं करतोय — थोरल्या जावंगत. काइंड म्हंजे दयाळू, अनकाइंड म्हंजे — तुमच्याकडं बगून म्हणत न्हाय मी, ही बांगडी अडलीया तिला म्हणती. वेल म्हंजे बरं, अनवेल म्हंजे आजारी. त्यो शब्द मातूर आमच्या घरात चालत न्हाय बगा, सलिमाला उभ्या जल्मात साधा ताप ठावं न्हाय —

हात का आखडला? कसला अर्ज? पेपरला ताप हुता म्हणून लिवलंय तिनं? आन त्या अर्जावर तुमी पुन्यांदा पेपर घेणार हुता. अस्सं.

थांबा, बाई, अजून दोन ऱ्हायल्यात. ताप न्हवता. आदल्या दिशी माघातला रविवार, जोतिबाचा खेटा. डोंगरावर अनवाणी चालत येणाऱ्या बायकांची रीघ, आन माझं हात हल्ली थरथरत्यात — म्हणून मीच नेली तिला. पुस्तक घेतलं हुतं तिनं पिशवीत. मीच म्हणलं, ठेव ते, आदी ह्या माउलीचा हात धर. दिस मावळंस्तवर बांगड्या भरल्या पोरीनं, आन सोमवारी तुमच्या पेपरावर डोकं टेकून झोपली. आजीचं नाव पुढं येऊ नये म्हणून ताप काढला असंल. लिवलं तिनं, पर खोटं माझं हाय, बाई. काय करायचं ते तुमी ठरवा. मी बोलले एवढं तिला सांगू नका.

झालं. न्हाय — वाकू नका. बांगड्या भरल्या की नमस्कार करायची रीत तुमची, दरसाली मी घेती बी. आज न्हाय पचायचा मला. उठा, जावा. मागं बायका खोळंबल्यात.