इंटरव्ह्यूच्या दिवशीचं मौन

सुनीता, मुग्धाच्या ॲडमिशनसाठी मी महादेवाला बोलले होते, दर सोमवारी सूर्यास्तापर्यंत मौन पाळीन. आणि इंटरव्ह्यू नेमका सोमवारीच आला. अमेरिकेतल्या त्या कॉलेजात पूर्वी शिकलेल्या एक बाई इथेच, आमच्या अप्पर हट गावात राहतात. त्यांनी कॅफेत बोलावलं, तर मीही सोबत गेले. “आईचं आज मौन आहे,” मुग्धाने सांगून टाकलं.

बाईंनी विचारलं, “डॉक्टरच का व्हायचंय तुला?”

मुग्धाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मीच पाठ करून घेतलं होतं ना. मी नुसती हसले. मग ती हळूच म्हणाली, “ॲक्च्युअली, ते आईला हवंय. मला पूल बांधायचेत.”

अगदी ओठांवर आलं होतं गं माझ्या, पण महादेवाला शब्द दिलेला. पुढे पोरगी पुलांबद्दल इतकं भरभरून बोलली की बाईंची कॉफी गार झाली.

निघताना बाई मला म्हणाल्या, “आई सोबत असली की उत्तरं आईच देते. तुम्ही ऐकलंत.”

निकाल यायचाय. महादेव चांगलंच करील. तुझ्या रोहनचाही इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे ना? सोबत जरूर जा, पण तूही मौन धर. वार कुठलाही चालेल.