गरुडाच्या झाडावरची पाटी

कोस्तानाय शहराला जाणाऱ्या बसच्या रांगेत वनरक्षक झाक्सिलिक उभा होता. अंगावर गणवेश नव्हता, म्हणून पुढच्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला ओळखलं नाही.

“अगं ऊल्जान, पाइनच्या झाडावरचा गरुड गेला म्हणे?”

“जाईल नाही तर काय करेल? चहूकडे गव्हाची शेतं, मधे एवढंसं रान. तिथं वीस वर्षं सुखानं होता, कुणाला पत्ता नव्हता. मग वनखात्याचा कुणी दीडशहाणा त्याच झाडाला पाटी ठोकून गेला, ‘इथे गरुडाचं घरटं आहे, शांतता राखा!’”

“आणि शिकारी आले?”

“शिकारी परवडले गं, वऱ्हाडी आले! भोंगे वाजवत, गाड्या दामटत. नवरानवरीनं गरुडाच्या झाडाला फडकं बांधलं की संसार टिकतो म्हणे. मादी उडाली ती परतलीच नाही. अंडी थंड पडली.”

“तुझ्या नातवाच्या वरातीत आपणही होतो की.”

“होतो तर! फडकं मीच बांधलं. पण पाटी काय मी ठोकली होती?”

झाक्सिलिकनं टोपी कपाळावर ओढली.

“आता पाटी तरी काढतील?”

“कशाला काढतील? आत्ता कुठे तिचं कुणी ऐकतंय. जाऊन बघ, केवढी शांतता आहे तिथं!”