सगळ्यांवर प्रेम, थोरल्याला सोडून

म्हैसूरच्या बसस्टँडवर एच. डी. कोटे गावाची गाडी लागली होती. माझ्या मागच्या बाकावरचं वयस्कर जोडपं मात्र उठत नव्हतं.

"अहो, चढा. गाडी सुटेल."

"सुटू दे, वनजा. दादाला मी इथूनच प्रेम पाठवतो. ध्यानातलं पोचतं."

"ऐंशीच्या वयात उद्या त्यांचं पोटाचं ऑपरेशन आहे. तिथं माणूस पोचायला हवा."

"गुरुजी म्हणाले, ज्याचा राग येतो त्याला श्वासाबरोबर आत घ्या, आणि सोडताना प्रेम सोडा."

"मग?"

"दादा आत जातो. बाहेर काहीच येत नाही."

"अय्यो, त्या भांडणाला आठ वर्षं झाली की!"

"आप्पांचे कापड छापायचे ठसे त्यानं बंबात जाळले. आंघोळीच्या पाण्याला!"

"आणि तुम्ही त्यांच्या नातीच्या, सुमाच्या लग्नाला गेला नाहीत."

"मनाची शांती बिघडू नये म्हणून. हा बघ, त्याचाच फोन."

"उचला तर!"

"हं, दादा... हं... असं? बरं."

"काय म्हणाले?"

"येऊ नकोस म्हणतो. तोही हल्ली ध्यानाला बसतो. मला माफ करत आणलंय म्हणे, समोर आलो तर बिघडेल."

"चांगलंच की हो!"

"चांगलं? तो मला माफ करणार? मला? घे ती पिशवी, चढ गाडीत."

"अहो, आधी शांत व्हा."

"शांत नंतर होईन. उद्या तो शुद्धीवर येईल तेव्हा समोर मीच बसलेला असणार. मग करू दे माफ, कसा करतो ते बघतोच!"