लाखेचं सील आणि बिननांगीच्या माश्या

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे प्रयोगशाळेचे संचालकसाहेब, पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या आपल्या बाई, त्यांचे यजमान, आणि चहाच्या आशेने शांत बसलेल्या श्रोतेहो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख मध गोळा करणाऱ्यांच्या गटाची सचिव अशी करून दिली. ते खरंच आहे. पण इथे मी उभी आहे ती एका नापास माणसाची मुलगी म्हणून. ते तिसऱ्या रांगेत, खांबाआड बसलेत. वर चला म्हटलं तर म्हणाले, "तू बोल. आणि फार बोलू नकोस." त्यांचं निम्मं ऐकलं आहे.

आमचे बाबा जंगलातून मध आणतात. पण ज्या माश्यांना बघून आपण पळतो, त्यांचा नव्हे. या माश्या डासाएवढ्या, आणि त्यांना नांगीच नाही. चिडल्या की केसांत शिरतात आणि कानाशी कटकट करतात. म्हणजे फार तर आमच्या आत्यासारख्या. (आत्या आलेल्या नाहीत, मी आधी बघून घेतलं.) झाडाच्या ढोलीत मेण आणि डिंक कालवून त्या बोराएवढी मडकी करतात आणि त्यांत मध साठवतात. मध पातळ, आंबटगोड. ढोलीतून वाटीभर निघाला तरी खूप.

आता बाईंकडे वळते. बाजारात मध विकायचा तर प्रयोगशाळेचा दाखला हवा. छापील अहवालात रकाने दोनच, शुद्ध आणि भेसळ. पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की भेसळ. नियम नेहमीच्या मधमाश्या बघून केलेला. आमच्या माश्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बाबांनी तीन वर्षं नमुना दिला आणि बाईंनी तीन वर्षं शेरा मारला: पाणी मिसळलेले आहे.

बाजारात बाबांना 'पाणीवाले' हे नाव पडलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुधात पाणी घातलं नाही, त्याला काय वाटलं असेल, सांगा? त्यांनी बाजारात जाणं सोडलं. दारात कोणी आलं की मागच्या खोलीत जाऊन बसायचे. मला तेव्हा बाईंचा इतका राग यायचा की त्यांच्या नावाने मी भांडी आपटायचे. आईने मग मला भांडी घासायलाच बसवलं.

चौथ्या वर्षी बाबांनी जे केलं ते आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगते. त्यांनी मध मंद आचेवर आटवला. वास गेला, आंबटपणा गेला, राहिला तो साखरेचा पाक. तो नमुना पास झाला. आईने दाखला भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो काढला आणि थेट बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाले, "बाई, तीनदा खरा मध आणला, तुम्ही नापास केलात. हा बिघडवून आणला, तर पास. हा दाखला रद्द करा."

दुसरं कोणी असतं तर शिपायाला हाक मारली असती. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "काका, ते झाड किती लांब आहे?"

बाई आल्या. मडकं स्वतः फोडलं, थेंब स्वतः सोबत आणलेल्या पाणी मोजायच्या यंत्रावर ठेवला, आकडा बघितला, आणि आत कुठे नळ बसवलाय का अशा नजरेने झाडाकडे पाहिलं. मग बाटली भरून, बुचावर लाल लाखेचं सील ठोकून आम्ही जेवायला बसलो. परत येतो तो सील निम्मं गायब. बाईंचा चेहरा उतरला. "काका, सील कोणी फोडलं?" बाबांनी ढोलीकडे बोट दाखवलं. माश्या रांगेने आत चालल्या होत्या आणि एकेकीच्या मागच्या पायांवर लाल लाख. डिंक गोळा करणाऱ्यांच्या दारात आपण लाख ठेवतोय, हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. पंचनामा करायचा तर आरोपी हजारभर. बाई त्या झाडाखाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पण हसून विसरल्या नाहीत. या मधासाठी वेगळा नियम हवा, म्हणून त्यांनी आठ वर्षं पत्रं लिहिली. संचालकसाहेब, आपण प्रत्येक पत्रावर 'पाहू' असं लिहीत होतात, ते आम्ही कधीच मनावर घेतलं नाही. गेल्या महिन्यात नियम आला. पहिला दाखला बाबांचा. पाणी अठ्ठावीस टक्के, शेरा शुद्ध.

दाखल्याबरोबर पाकिटात आणखी तीन कागद निघाले. ते कोणी मागितले नव्हते. जुन्या तिन्ही अहवालांच्या त्या प्रती होत्या. शेऱ्यावर लाल शाईची रेघ आणि खाली बाईंच्या अक्षरात: 'मध बरोबर होता. तपासणारी चुकली.' पुढे पूर्ण सही, हुद्द्यासकट.

बाबांनी दाखला कपाटात ठेवला. ते तीन कागद खिशात घातले, स्वच्छ सदरा चढवला, आणि इतक्या वर्षांनी बाजारात गेले. एकेका दुकानापुढे उभं राहून त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.

बाई, आपले आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, आपलीही मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर बाईंनीच त्यावर रेघ मारावी. नमस्कार.